युनियन होती तेव्हा

मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. तो कोणत्या तारखेला संपला, असे विचारले की जाणकारही घुटमळतात. घुटमळणारच. तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कुणी केलीच नाही. सुमारे अडीच लाख माणसे एका सकाळी कामावर गेली नाहीत आणि त्यांतली एक लाखाहून अधिक पुन्हा कधीच गेली नाहीत. उरलेली एकेकटी, शेजाऱ्याची नजर चुकवत पुन्हा पाळीवर रुजू झाली. लग्नाची, मुंजीची, श्राद्धाची तिथी सांभाळणाऱ्या आपल्या समाजात एवढ्या मोठ्या घटनेला शेवटची तिथी नाही.

त्या वर्षी मी बँकेत नवाच चिकटलेला कारकून होतो. नगरहून मुंबईला गेलेलो, वय बावीस, नेमणूक गिरणगावातल्या एका शाखेत. पुढे अधिकारी झालो, कादंबऱ्याही लिहिल्या. पण माणसाची गोष्ट लेजरच्या पानावर जितकी स्वच्छ दिसते, तितकी मला कधी लिहिता आली नाही. जानेवारीत खात्यांवर दोन-अडीच हजार असत. मार्चमध्ये ते निम्मे झाले. पावसाळ्यापर्यंत पानामागून पान किमान शिल्लकेवर येऊन थांबले, आणि मग त्या पानांवर नोंदच होईना. सोनेतारणाच्या टेबलापुढची रांग मात्र वाढली. बायका पदराच्या गाठीतून मणी-मंगळसूत्राच्या वाट्या काढून सराफापुढे ठेवत आणि काट्याकडे न बघता भिंतीकडे बघत. त्यांच्यातल्या कित्येक जणी पारनेरच्या, संगमनेरच्या, अकोल्याच्या. माझी बोली ऐकून म्हणत, "तुम्ही आमच्याकडचेच की, भाऊ. मग दोन पैसे जास्त लावा ना ग्रॅमला." ग्रॅमचा भाव हेड ऑफिसचा असे. तो भावाच्या हातात नव्हता.

आज त्या गिरण्यांच्या जागी काय उभे आहे ते मुंबईला जाऊन आलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. मला सांगायचे आहे ते गिरण्यांविषयी कमी आणि ज्या एका गोष्टीच्या जोरावर ती माणसे वर्षभर उपाशी राहूनही उभी राहिली तिच्याविषयी अधिक. ती गोष्ट म्हणजे युनियन. हा शब्द आपल्या घरांतून हळूहळू नाहीसा झाला आहे. माझ्या पिढीत तो भाजी-भाकरीइतका रोजचा होता.

सुपारीबागेतली सभा

वाचक हा मजकूर रविवारी सकाळी वाचत असतील, म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून सुरुवात करणे उचित. जन्म १८४८चा, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांनी परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. (त्यांतले बरेच अंगठेच असणार, पण अंगठा उठवायलाही मालकाच्या राज्यात छाती लागते.) मागण्या आज वाचल्या तर हसू येईल इतक्या साध्या. आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. यंत्रात हातपाय गेला तर बरा होईपर्यंत पूर्ण वेतन.

सूर्यास्तापर्यंतच काम, ही मागणी होती! गिरण्यांत अजून विजेचे दिवे सर्वत्र आले नव्हते, म्हणून सूर्याच्या हाती तरी सुटका होती. दिवे आले तेव्हा तीही गेली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. स्त्रीने चारचौघांत बोलणेही तेव्हा आपल्याकडे अप्रूपाचे होते. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टीचा निर्णय घेतला. रविवार तो हा. त्याच्या मागे खंडोबाचाही वार होता, साहेबाची प्रार्थनाही होती. पण कामगाराच्या वाट्याला तो अर्जाने आणि सभेने आला. लोखंडे १८९७ साली प्लेगने गेले. त्यांच्या 'मिलहँड्स असोसिएशन'ला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. आजचा कोणताही लेबर ऑफिसर तिला युनियन मानणार नाही.

जॉबर, साचा आणि लाल बावटा

युनियन का लागली, हे समजायचे तर जॉबर समजला पाहिजे. गिरणीत माणूस घेण्याचा अधिकार मालकाचा नव्हता, मॅनेजरचाही नव्हता. तो जॉबरचा होता. गावाकडून आलेला पोरगा जॉबरच्या ओळखीने आत जाई, त्याची दस्तुरी देई, त्याच्याच ओळखीच्या खोलीत राही, अडचणीला त्याच्याकडूनच व्याजाने पैसे घेई. आजारी पडला, गावाला गेला, की जागा दुसऱ्याला. सकाळी दरवाजापाशी 'बदली' म्हणून उभे राहणाऱ्यांचा एक वेगळाच थवा असे. कुणाचा खाडा पडला तर त्यांच्यातल्या एखाद्याचे नशीब उघडे. अशी दहा-दहा वर्षे बदलीत काढलेली माणसे मी पाहिली आहेत.

१९०८च्या जुलैमध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, हे शाळेत शिकवतात. तो राग राष्ट्राचा होता. पोटाचा राग १९२८ साली निघाला. विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावेत, कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू बघाव्यात, असा मालकांचा हिशेब होता. याला तेव्हा 'कार्यक्षमता' म्हणत. शब्द अजून वापरात आहे. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने दीड लाख कामगार बाहेर राहिले. त्या काळात मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, स्थापन झाली. श्रीपाद अमृत डांगे, जोगळेकर, मिरजकर यांची नावे पुढे आली, पण अर्जुन आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले अध्यक्ष होते ही गोष्ट आपण विसरतो. वर्षअखेरीस सभासद पन्नास हजारांच्या पुढे गेले. पुढल्या मार्चमध्ये सरकारने पुढाऱ्यांना मीरत कटाच्या खटल्यात उचलले, त्यावरून त्या आकड्याचा धाक कळतो.

सहा महिने माणसे जगली कशी? अर्धी गावाला गेली. कोकणात भात लावले, घाटावर बाजरी पेरली. जी मुंबईत राहिली ती वाण्याच्या उधारीवर आणि खानावळवालीच्या मायेवर. गिरणी कामगाराचा संप हा नेहमीच निम्मा गावाकडच्या भाकरीवर चालला. आमच्या पारनेरच्या खडकाळ रानातल्या बाजरीने मुंबईच्या भांडवलाशी सामना केला, असे म्हटले तर ती केवळ भाषेची चमक नाही.

मात्र या युनियनला एक डाग होता आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उघडपणे दाखवला. विणकामाच्या, म्हणजे चार पैसे जास्त देणाऱ्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण असे की, धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला चालत नसे. 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा' अशी घोषणा आणि धोट्याला शिवाशिव! आंबेडकरांनी विचारले की, समतेच्या मागण्यांत ही मागणी का नाही. पुढे १९३८च्या ७ नोव्हेंबरला संपावर बंधने घालणाऱ्या 'काळ्या कायद्या'विरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र रस्त्यावर उतरले, हे दोन्ही बाजूंच्या मोठेपणाचे. पण धोट्याचा प्रश्न माझ्या मते त्या चळवळीचा सर्वांत खरा आरसा आहे.

बायकांचे काय झाले, तेही सांगतो. १९२०च्या सुमारास दर पाच गिरणी कामगारांत एक बाई होती. बाळंतपणाची रजा, पाळणाघर, रात्रपाळीची बंदी असे कायदे येत गेले, नवी यंत्रे आली, आणि प्रत्येक वेळी कात्री प्रथम बायकांच्या खात्यांवर चालली. युनियनच्या बैठकीत यावर जोराने बोलणाऱ्या उषाताई डांग्यांसारख्या थोड्या. संपाच्या काळात खानावळी चालवून गडी जगवले ते याच बायकांनी.

कायद्याने बंद केलेले दार

इथे थोडे अमेरिकेकडे वळतो. आमच्या सावेडीत प्रत्येक तिसऱ्या घरातले कुणीतरी तिकडे असल्यामुळे हा देश आता परका वाटत नाही.

१ मे हा कामगार दिन जन्मला शिकागोत, १८८६च्या आठ तासांच्या लढ्यातून. पण अमेरिकेत त्या दिवशी कामगारांची सुट्टी नाही. त्यांचा कामगार दिन सप्टेंबरात, तोही सरकारने दिलेला. आपण मात्र १९६०पासून १ मे हा महाराष्ट्र दिनही करून टाकला. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाल्लेल्यांत गिरणगावातले किती होते हे आठवले, तर ते गैरही नाही.

१९३०च्या मंदीत अमेरिकेत दर दहा कामगारांत जेमतेम एक युनियनमध्ये होता. १९३५ साली वॅग्नर कायदा झाला. त्याचा गाभा एवढाच की, कारखान्यातल्या कामगारांनी गुप्त मतदानाने आपली युनियन निवडावी आणि निवडलेल्या युनियनशी मालकाने बोलणी केलीच पाहिजेत. पुढल्याच वर्षाच्या अखेरीस फ्लिंट गावी जनरल मोटर्सचे कामगार यंत्रांशेजारीच ठाण मांडून बसले, ४४ दिवस. कंपनीने युनियन मान्य केली. १९५५च्या आसपास तिथे दर तीन कामगारांत एक संघटित होता. घर, मोटार, मुलाचे कॉलेज, ही आपल्याला सिनेमातून दिसलेली अमेरिका या काळात उभी राहिली, आणि ती उभी करण्यात युनियनचा वाटा मोठा होता.

आता आपल्याकडचे पाहा. १९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, मजूर खाते गुलझारीलाल नंदांकडे. अहमदाबादच्या मजूर महाजनात मुरलेले ते सज्जन गृहस्थ. त्यांनी आणलेला बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट, कामगारांच्या भाषेत 'बीआयआर', याचाही हेतू वाईट नव्हता. भांडण संपाने नव्हे तर लवादाने मिटावे. म्हणून एका धंद्यात, एका गावात एकच 'प्रातिनिधिक' युनियन. मालकांशी बोलायचे तर तिनेच. पण ती कोणती हे ठरणार सभासदांच्या नोंदवहीवरून, गुप्त मतदानाने नव्हे. मुंबईच्या कापड धंद्यात हा शिक्का राष्ट्रीय मिल मजदूर संघावर बसला आणि तो काही केल्या निघेना. कामगारांचे मन एका युनियनकडे आणि सही करण्याचा अधिकार दुसरीकडे, अशी छत्तीस वर्षे गेली. नावडत्या सुनेसारखी ही व्यवस्था नांदली. अमेरिकेत कायद्याने जे दार उघडले, तेच आपल्याकडे कायद्याने लावले. कडी आतून होती की बाहेरून, हा वाद अभ्यासकांनी घालावा.

डॉक्टर

दत्ता सामंत मूळचे मालवणजवळच्या देवबागचे, शिक्षणाने डॉक्टर, दवाखाना घाटकोपरला. आसपासच्या दगडखाणींतले मजूर पेशंट म्हणून येत. औषधाने बरे होणारे दुखणे हे नव्हे, असे त्यांच्या ध्यानात आले आणि ते युनियनकडे वळले. १९७२ला आमदार झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले, आणि १९८०पर्यंत मोटारींपासून औषधांपर्यंत अनेक कारखान्यांत त्यांच्या नावाचा दबदबा झाला. त्यांची पद्धत जुन्या कॉम्रेडांना रुचणारी नव्हती. ताळेबंद वाचत बसायचे नाही. कंपनीला परवडते की नाही हे कंपनीने बघावे. मागणी मोठी, संप लांब. काही कंपन्यांत यामुळे पगार दुपटीच्या जवळ गेले, काहींत हिंसाही झाली.

१९८१च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांतली खदखद उफाळली. मजदूर संघाने केलेला करार कामगारांना पसंत नव्हता. ते चालत डॉक्टरांच्या घाटकोपरच्या दारात गेले. डॉक्टरांनीही लगेच होकार दिला नव्हता, असे त्या काळात सर्वत्र बोलले जाई. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि बीआयआर कायदा रद्द करणे या मागण्या ठरल्या. १८ जानेवारीला भोंगे वाजले, पण आत कुणी गेले नाही. दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, देशभर सर्व युनियनांचा एक दिवसाचा संप होता. आम्ही बँकवालेही त्यात होतो. लालबागच्या रस्त्यावर त्या दिवशी जे वातावरण होते ते पाहून वाटले होते की, महिन्याभरात निकाल लागेल.

पण साडेपाच महिन्यांपूर्वी, ३ ऑगस्ट १९८१ रोजी, अमेरिकेत विमानतळांवरचे हवाई वाहतूक नियंत्रक संपावर गेले होते. अध्यक्ष रेगन यांनी अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि अकरा हजारांहून अधिक जणांना घरी पाठवले. गंमत अशी की, हेच रेगन एकेकाळी नटांच्या युनियनचे अध्यक्ष होते आणि याच नियंत्रकांच्या युनियनने निवडणुकीत त्यांना पाठिंबा दिला होता! त्यानंतर तिथल्या खासगी मालकांचा धीर चेपला. १९८४-८५ साली इंग्लंडात खाणकामगारांचे असेच झाले. तीन देश, तीन कारणे. पण सरकारने दमाने घ्यायचे, कामगाराचे पोट रिकामे होईपर्यंत वाट बघायची, हे तिन्हीकडे सारखे. सामंतांना गिरण्यांत जिंकू दिले तर उद्या गोद्या, रेल्वे, सरकारी कारखाने त्यांच्यामागे जातील, ही दिल्लीची भीती होती. त्यात ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनीच आपल्या संघटनेसाठी बंड केले. मग तर सरकार हटून बसले.

मालकांना घाई नव्हती. अनेक गिरण्यांत जुना माल पडून होता, तो या काळात विकला गेला. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होते, तेही कमी मजुरीत आणि युनियनविना. गिरणीचे यंत्र जुने झाले होते, पण गिरणीखालच्या जमिनीला सोन्याचा भाव येऊ घातला होता. भाकरीचा प्रश्न घेऊन संपावर गेलेल्या माणसाला हे कळायला मार्ग नव्हता की, त्याच्या समोरच्या माणसाला कापडात रसच उरलेला नाही. १९२८ साली मालकाला गिरणी चालू व्हायला हवी होती. १९८२ साली ती बंद राहिली तरी काहींचे बिघडत नव्हते. डॉक्टरांचे डावपेच चुकले असतीलही, पण संप हरला तो मला वाटते इथे.

ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा ताबा घेतला. १९८४च्या अखेरीस इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. हरलेल्या संपाच्या पुढाऱ्याला गिरणगावाने असे उत्तर दिले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईला त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. संपाला पंधरा वर्षे पुरी व्हायला दोन दिवस कमी होते. त्याच वर्षी जयंत पवारांचे 'अधांतर' रंगभूमीवर आले. गिरणी बंद पडल्यावर एका खोलीतल्या घराचे काय होते, मुलगा कोणत्या वाटेला लागतो, आईचे शब्द कसे तिखट होत जातात, हे ज्यांनी ते नाटक पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको.

जमिनीची कथा थोडक्यात आटोपतो. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जागेचा एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी १९८९पासून बंद गिरण्यांच्या कामगारांची समिती चालवली. दगड न उचलता, उपोषणे करून, घराचा हक्क पदरात पाडून घेतला. अर्ज दीड लाखाच्या आसपास, वर्षानुवर्षांच्या सोडतींत निघालेली घरे पंधरा-सोळा हजारांच्या घरात. इस्वलकर २०२१ साली वारले.

आमची बँकेची युनियन

आता घरचे. बँक कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना २० एप्रिल १९४६ रोजी कलकत्त्यात स्थापन झाली. त्याआधीचा बँक कारकून म्हणजे हिशेब जुळेपर्यंत रात्री दहालाही घरी न जाणारा, एजंटसाहेबाच्या मर्जीवर नोकरी असणारा प्राणी. लवादाने दिलेल्या निवाड्यात सरकारने काटछाट केली म्हणून १९५४ साली व्ही. व्ही. गिरी यांनी केंद्रीय मजूरमंत्रिपदाचा राजीनामा दिला. बँक कारकुनाच्या पगारासाठी मंत्री खुर्ची सोडतो, हे आजच्या वाचकाला दंतकथेसारखे वाटेल. १९६६ साली पहिला द्विपक्षीय करार झाला. त्यानंतर दर काही वर्षांनी टेबलाभोवती बसून पगार ठरवायचा, ही रीत पडली आणि १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर ती मुरली. मी नोकरीला लागलो तेव्हा ताट वाढलेलेच होते. माझ्या घराची वीट, मुलीचे इंजिनिअरिंग, आजचे पेन्शन, या सगळ्यांत त्या न पाहिलेल्या माणसांचा वाटा आहे.

पण कौतुकाबरोबर खरे तेही सांगावे. बँकांतल्या संघटना टेबलाच्या आतल्यांसाठी उत्तम लढल्या. टेबलाबाहेरच्यांकडे त्यांचे लक्ष उशिरा गेले. रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून पिग्मी गोळा करणारा एजंट हा बँकेचा कामगार की नाही, हे ठरायला २००१ साल उजाडले आणि सर्वोच्च न्यायालय लागले. रोजंदारीवर चहा-पाणी, झाडलोट करणारा पोरगा वर्षानुवर्षे 'टेम्पररी'च. संगणक येऊ घातले तेव्हा १९८३च्या करारात किती यंत्रे, कुठे बसवायची याची मोजदाद झाली. दहा-बारा वर्षे यंत्र अडले, मग आलेच. २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि एक लाखाच्या आसपास माणसे पैसे घेऊन घरी गेली, ढोल-ताशाविना, घोषणेविना. तेव्हा मला गिरणगाव आठवले. त्यांना कुणी पैसेही दिले नव्हते.

नागापूरचा रस्ता

नोकरीच्या उत्तरार्धात मी नगरला परत आलो. लुना इथे बनायची, हे वाचकांना आठवत असेल. नागापूरच्या एमआयडीसीत कायम नोकरी म्हणजे जावई म्हणून पहिली पसंती. "मुलगा परमनंट आहे का?" हा प्रश्न पत्रिकेच्या आधी विचारला जाई. सावेडीत पाईपलाईन रोडला, गुलमोहर रोडला, भिस्तबागेकडे जी घरे उठली त्यांतली कितीतरी अशाच कायम कामगारांची. कर्जाची कागदपत्रे मी पाहिलेली आहेत. 'कायम केल्याचे पत्र' हा त्यांतला मुख्य कागद.

२००५च्या पुढे ते पत्र फायलींत दिसेनासे झाले. एक तरुण तीन वर्षांच्या पगारपावत्या घेऊन आला होता. यंत्र तेच, पाळी तीच, दरवाजा तोच. पावतीवर ठेकेदाराचे नाव मात्र तीन वेगवेगळे. २४० दिवस सलग भरले की कायद्याने काही हक्क लागतो, म्हणून मध्ये खंड पाडून नवे नाव. "साहेब, मी कुठेच गेलो नाही हो," तो म्हणाला, "नावंच बदलत्यात." घरकर्ज बसले नाही. आज देशातल्या नोंदलेल्या कारखान्यांत दर पाच कामगारांत दोन असे कंत्राटी आहेत. त्यांना युनियन करायला बंदी नाही; पण ठेकेदार बदलला की युनियनही बदलायची का?

याच जिल्ह्यात वेगळ्या तऱ्हेनेही गोष्टी घडल्या, हे सांगितले पाहिजे. शहरातल्या पद्मशाली वस्त्यांत उंबऱ्यावर बसून विड्या वळणाऱ्या बायका. टेंभुर्णीची पाने, तंबाखू, दोरा; मजुरी हजार विड्यांवर; खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. कारखाना नाही, भोंगा नाही, तरी १९६६च्या कायद्याने त्यांना कामगार म्हटले आणि संघटनांनी प्रॉव्हिडंट फंडापर्यंत ओढून नेले. सोलापुरात तर विडी कामगार बायकांनी नरसय्या आडम यांच्याबरोबर कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली. मुंबईच्या गिरणी कामगाराला जे साधले नाही ते. हमालांचे तसेच. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढावांच्या खटपटीतून १९६९चा माथाडी कायदा झाला. मालक रोज बदलतो, म्हणून मालकांचीच नोंदणी करायची, मजुरी मंडळात जमा करायची आणि हमालाला रजा-फंड मंडळाने द्यायचा. ठेकेदारांच्या तीन नावांवर याहून चांगला उपाय मला अजून कुणी दाखवलेला नाही. तो कायदा पोत्यापुरता का राहावा?

पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन निघतात. मुकादमाची उचल म्हणजे जॉबरचीच दस्तुरी, नव्या कपड्यांत. तरी कोयता बंद ठेवण्याची त्यांची धमकी साखर कारखान्यांना अजून ऐकू जाते, कारण ऊस थांबत नाही, वाळतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवून घेतला तो याच बळावर. अमेरिकेतही २०२३ साली मोटार कामगारांनी सहा आठवड्यांच्या संपात २५ टक्क्यांची वाढ मिळवली, पण एकंदरीत तिथे पुन्हा दर दहांत एकच संघटित, खासगी धंद्यांत तर सहा टक्क्यांच्या आसपास.

२१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांत मिसळले. वाटाघाटीचा एकमेव अधिकार हवा तर युनियनकडे ५१ टक्के सभासद हवेत. संपाला आधी नोटीस. एकाच दिवशी निम्म्या लोकांनी रजा टाकली तर तोही संप. तीनशेपर्यंत कामगारांचा कारखाना बंद करायला आता सरकारची परवानगी नको. ही मर्यादा पूर्वी शंभराची होती. दुसऱ्या बाजूला, ॲपवर काम करणाऱ्यांचे नाव प्रथमच कायद्यात आले आणि त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग द्यावा असे ठरले. तो कधी, कसा पोचतो ते पाहायचे.

प्रोफेसर कॉलनी चौकात संध्याकाळी अशी मुले गाड्यांवर बसलेली असतात. त्यांतल्या एकाला मी विचारले, "तुमची युनियन आहे का रे?"

"युनियन नाही काका. नुसता ग्रुप आहे फोनवर."

"किती जण?"

"कोण मोजतंय? येत्यात, जात्यात."

"वर्गणी?"

"कुणाचा अपघात झाला तर काढतो. मागं रेट कमी केला तेव्हा दोन दिवस सगळ्यांनी ॲप बंद ठेवलं होतं."

"मग?"

"मग थोडा वाढवला," असे म्हणून त्याने फोनकडे पाहिले, पाठीवरची पेटी सारखी केली आणि तो भिस्तबागेकडे गेला.